धुराची रेघ

ताइनानला, माझूच्या देवळामागच्या बोळात माझं दुकान,
शटर अर्ध्यावर अडकतं, म्हणून सगळे वाकून आत येतात.
लिआओ सरही वाकले, स्कूटरवरून उतरून,
संगणक दोन्ही हातांनी छातीशी धरलेला,
अडलेली शेळी आणावी तसा.
"सात पंखे आहेत," म्हणाले, "आणि तरी ब्याण्णव अंश."

सात. एक मूळचा. दोन भाच्याने दिलेले.
बाकी चार त्यांनी स्वतः, दर उन्हाळ्याला एक,
ताप उतरेना की डॉक्टर बदलावा तसे.

सर बेडूक रेकॉर्ड करतात.
बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं,
आता रात्री भाताच्या बांधावर उकिडवे बसतात,
माइक पुढे धरून, श्वास आवरून.
घरी येऊन ऐकायला बसावं
तर बेडकाआधी हे: घोंऽऽ,
सात तोंडांनी, एकाच सुरात नाही.

मी बाजूची काच काढली नाही.
काच काढली की वारा खोटं बोलतो.
च्वांग मावशींच्या टेबलावरची एक उदबत्ती आणली,
स्वस्तातली, वासाला बेताची, धुराला दांडगी.
देवासाठी नाही म्हटल्यावर मावशींनी पैसे घेतले नाहीत.

पुढच्या जाळीपाशी धरली.
धूर गेला, सरळ, आज्ञाधारक,
आणि मधेच मान वर करून
छताच्या पहिल्या पंख्यातून निघूनही गेला.
प्रोसेसर तिथेच, वीतभर मागे,
जेवणावळीत शेवटच्या पानाला वाढपी पोचू नये तसा.

मग मागे धरली.
तिथून धूर बाहेर यायला हवा.
तो आत गेला.
छतातून फेकलेली गरम हवा
पाठीवरून उतरून पुन्हा त्याच घरात शिरत होती,
ये रे माझ्या मागल्या.

पंख्याला पोट असतं आणि पाठ असते, सर.
ज्या अंगाला आडव्या दांड्या, त्या अंगाने वारा बाहेर पडतो.
चौकटीवर बाणही असतो, तांदळाएवढा.
सरांनी चष्मा कपाळावर ढकलला, बोटाने चाचपला तो बाण,
आणि वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखे गप्प झाले.

पेई-शानने स्क्रू चहाच्या कपात जमवले.
छतावरचे दोन्ही काढले. तळाचा काढला.
पुढच्या तिनांतला एक काढला,
तो नुसता वायरींच्या गुंत्याला वारा घालत होता.
मागचा उलटा केला.
दोन आत, एक बाहेर.
येणारं जाणाऱ्यापेक्षा थोडं जास्तच हवं,
म्हणजे धूळ जाळीच्या दारावर थांबते,
फटीफटीतून चोरपावलांनी येत नाही.
आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, सर,
पाठीलाही श्वास लागतो.

पुन्हा उदबत्ती. अंगठ्याएवढीच उरली होती.
धुराची एकच रेघ,
पुढून शिरली, प्रोसेसरला वळसा घालून
मागून बाहेर पडली, माझ्या मनगटावर, कोमट.
अर्ध्या तासाने आकडा अडुसष्टवर थांबला.

सरांनी बेडूक लावला.
टुक्. मोठा खंड. टुक्.
बोळातली कुत्रीसुद्धा गप्प होती.
"शांत," सर म्हणाले, "अगदी शांत."

पेई-शानने माझ्याकडे पाहिलं.
एक बारीक शीळ अजून होती,
ग्राफिक कार्डातून, सुईच्या टोकासारखी,
तिच्या एकोणीस वर्षांच्या कानांना आणि मला, जेमतेम.
मी मान हलवली. तिने कप विसळायला घेतला.

काढलेले चार पंखे त्यांनी मागून घेतले, पिशवीत घालून.
आठवड्याने फोनवर फोटो आला:
गॅलरीत दोरीला टांगलेले चौघे,
खाली सुपात मुळ्याच्या चकत्या वाळत,
आणि मजकूर: बाण बघूनच लावले.

तिसरा उलटा होता.